दोन ओळी

माणदेशातल्या एका गावात एक तरुण ठिबकवाला राहत होता. डाळिंबाच्या बागांत ठिबकचे संच बसवायचे, नळ्या अंथरायच्या, फिल्टर धुऊन द्यायचे, हे त्याचं काम. त्याचा हात चांगला होता. मेन लाइन कुठे फुटली आहे, हे तो नुसती जमिनीवरची ओल बघून सांगायचा. पण एकदा संच बसला की शेतकरी त्याला पुढची तीन-चार वर्षं बोलवायचा नाही. मग त्याने यूट्यूबवर चॅनल सुरू केलं.

पहिला व्हिडिओ त्याने मन लावून केला. नाव दिलं ‘ठिबक सिंचन, संपूर्ण माहिती, भाग १’. महिना गेला. तो व्हिडिओ त्याच्या मेहुण्याने पाहिला, मावसभावाने पाहिला आणि बाकीच्या वेळी त्याने स्वतःच पाहिला.

एका मित्राने त्याला सांगितलं, “लोक तुला शोधत येणार नाहीत. लोक जिथे बसलेत तिथे तू जा.”

सल्ला खरा होता. ठिबकवाल्याने तो अर्धाच ऐकला.

तो जमतील तेवढ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरला. डाळिंबाचे ग्रुप, द्राक्षाचे ग्रुप, शेळीपालनाचेसुद्धा. एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात. दहा ग्रुप म्हणजे दहा हजार माणसं, असा त्याने हिशेब केला. मग रोज सकाळी उठायचं आणि सगळीकडे एकच मजकूर टाकायचा. “राम राम मंडळी, नवीन व्हिडिओ आलाय, लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा.” खाली लिंक.

ग्रुपमध्ये कोण काय बोलतंय, हे तो वाचत नव्हता. एकाने खोडकिड्याचं औषध विचारलं, त्याखाली याची ठिबकची लिंक. एकाने बैलजोडी विकायला काढली, त्याखाली लिंक. एका सकाळी ग्रुपमधल्या एका बागायतदाराच्या निधनाची बातमी आली. फोटोला हार घातलेला. लोक हात जोडत होते. त्या हात जोडण्याच्या रांगेत मध्येच याचं आलं, “राम राम मंडळी, लाइक करा, शेअर करा.”

दुपारपर्यंत त्याला त्या ग्रुपमधून काढलं होतं. हळूहळू बाकीच्यांनीही काढलं.

लिंक उघडणारे थोडे होते, पण तेही थांबत नव्हते. व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला याचा आलेख यूट्यूब दाखवतं. त्याच्या आलेखाची रेघ अर्ध्या मिनिटात खाली कोसळायची. तरी त्याने तिच्याकडे नीट पाहिलं नाही. चॅनलवर जाहिरातींचे पैसे मिळायचे तर १००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात लोकांनी ४००० तास पाहिलेलं असावं लागतं. त्याचं सगळं लक्ष त्या हजारावर होतं.

मग त्याला दुसरा रस्ता सापडला. काही ग्रुप फक्त चॅनलवाल्यांचेच असतात. तू माझं सबस्क्राइब कर, मी तुझं करतो. यूट्यूबच्या नियमांत असली अदलाबदल बसत नाही, पण करणारे करतातच. त्यानेही केली. आकडा भराभर चढला. कोणाचं मेंदीचं चॅनल, कोणाचं मोबाइल दुरुस्तीचं, कोणाचं भजनाचं. त्यातल्या एकालाही ठिबकशी देणंघेणं नव्हतं. पुढचा व्हिडिओ टाकला तेव्हा शेकडो सबस्क्रायबर असूनही बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वाईट एवढंच नव्हे. ज्यांनी सबस्क्राइब केलंय तेच व्हिडिओ उघडत नाहीत म्हटल्यावर यूट्यूबने तरी तो परक्याला का दाखवावा?

आता त्याच्याकडे एकच ग्रुप उरला होता. डाळिंबवाल्यांचा. त्याचा अ‍ॅडमिन एक म्हातारा बागायतदार होता, सगळे त्याला आबा म्हणायचे. आबांनी ठिबकवाल्याला एकदा खासगीत लिहिलं होतं, “पोरा, इथे बागेचं बोलतात. तू बागेचं बोल.” त्याने अंगठा दाखवून ते सोडून दिलं होतं.

एप्रिल उजाडला. ऊन चढलं. एका दुपारी एका बाईने ग्रुपवर फोटो टाकला. बाग आंबे बहाराची होती, झाडावर फळं होती आणि पानं मलूल पडली होती. तिने लिहिलं, “मोटर चालू आहे, पाणी आहे, पण शेवटच्या झाडांच्या ड्रीपरमधून थेंब येत नाही. कोणी सांगेल का?”

ठिबकवाल्याने लगेच आपल्या भाग एकची लिंक टाकली.

बाईने लिहिलं, “दादा, मळ्यात रेंज नाही, व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो. दोन ओळी लिहा ना.”

त्याला ते लागलं. दोन ओळी लिहून आपल्याला काय मिळणार? ज्याला गरज आहे तो बघेल. त्याने फोन खिशात टाकला आणि कामाला गेला.

तासाभराने त्याने ग्रुप उघडला, तोही दुसरी लिंक टाकायला. मध्ये बरंच बोलणं झालं होतं. एकाने लिहिलं होतं, अ‍ॅसिड सोडा. दुसऱ्याने लिहिलं होतं, ब्लीचिंग पावडर सोडा. तिसऱ्याने लिहिलं होतं, दोन्ही असेल तर एकदमच कालवा, एका दिवसात मोकळं होईल. त्याखाली बाईचं उत्तर होतं, “दोन्ही आहे घरात. मोटरीच्या खोलीत कालवते आत्ताच.”

त्याच्या हातातला पाना खाली पडला.

अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. तो डोळे जाळतो, छाती जाळतो. बंद खोलीत माणसाचा जीव जाऊ शकतो. हे त्याला माहीत होतं. ठिबकचं काम शिकताना उस्तादाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. भाग एकमध्ये मात्र हे आलं नव्हतं.

त्याने ग्रुपवर लिहिलं, “ताई, थांबा. एकत्र करू नका.” वाचल्याची खूण आली नाही. त्याने तिच्या नंबरवर फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग आबांना लावला.

आबांना त्या गावातला एक माणूस माहीत होता. आबांनी त्याला सांगितलं, तो मोटरसायकल काढून मळ्याकडे सुटला. तो पोचला तेव्हा बाईने बादलीत पावडर ओतली होती आणि अ‍ॅसिडच्या कॅनचं झाकण उघडलं होतं. त्याने कॅन उचलला आणि बाहेर उन्हात नेऊन ठेवला.

संध्याकाळी बाई घरी आली. घरी रेंज होती. ठिबकवाला तोवर ग्रुपवरच होता. आता तो लिहायला बसला. त्याने लिंक टाकली नाही.

त्याने लिहिलं, “ताई, आधी एक बंद ड्रीपर काढा आणि ब्लेडने उभा कापा. आत काय दिसतं ते सांगा.”

बाईने कापून फोटो पाठवला. पाणी जायची नागमोडी वाट पांढऱ्या, कडक थराने बुजली होती. त्याने सांगितलं, बाहेर मोकळ्यावर जाऊन त्यावर अ‍ॅसिडचा एक थेंब टाका. थेंब पडताच फेस आला.

“हे क्षार आहेत,” त्याने लिहिलं. “बोअरचं पाणी जड आहे तुमचं. क्षाराला अ‍ॅसिड. आत हिरवं, बुळबुळीत दिसलं असतं तर ते शेवाळ, त्याला क्लोरीन. दोन्ही एकाच वेळी कधीच नाही, एकाच बादलीतही नाही.”

मग त्याने पुढचं सगळं सांगितलं. उद्या सकाळी आधी फिल्टर धुवा. नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडा, गाळ निघू द्या. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा लावा. बादली प्लास्टिकची घ्या. आधी पाणी, मग त्यात अ‍ॅसिड हळूहळू. अ‍ॅसिडवर पाणी कधी ओतायचं नाही. पीएच पेपर मिळतो, तो आणा. थोड्या पाण्यात अ‍ॅसिड थेंबाथेंबाने टाकून बघा, पीएच ४ वर यायला किती लागतं, त्यावरून आपण मोठं माप काढू. शेवटच्या ड्रीपरखाली पेपर धरा. तिथे रंग बदलला की मोटर बंद. चोवीस तास हात लावू नका. मग टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन काढा.

बाईने मध्ये मध्ये विचारलं. चालू ड्रीपरही बंद असल्यासारखा वाटतो, तो कसा ओळखायचा? पेपर कुठल्या दुकानात मिळेल? टोकं सगळी एकदम उघडायची का? त्याने सांगितलं, एकदम उघडू नका, दाब उरणार नाही, थोडी थोडी उघडा. ग्रुपवरची आणखी माणसंही वाचत होती, विचारत होती. दोन ओळींचं बोलणं रात्री उशिरापर्यंत चाललं.

तिसऱ्या दिवशी बाईने फोटो टाकला. नळीच्या टोकातून चुन्यासारखं पांढरं पाणी पडत होतं. दुसऱ्या फोटोत शेवटच्या झाडाचा ड्रीपर गळत होता.

त्या रात्री ठिबकवाल्याने आपला भाग एक पुन्हा पाहिला. पहिली दोन मिनिटं संगीत आणि नमस्कार. मग कंपन्यांच्या नळ्यांची नावं. ड्रीपर कापून बघा, हे कुठेच नव्हतं. बाईला रेंज असती आणि तिने तो शेवटपर्यंत पाहिला असता, तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडलं नसतं. आलेखाची रेघ का कोसळते, ते त्याला तेव्हा दिसलं.

त्याने नवा व्हिडिओ केला. नमस्कार एका वाक्यात उरकला. पहिल्याच चित्रात त्याचा तळहात, त्यावर ब्लेडने कापलेला ड्रीपर. मग फेस येणारा थेंब. मग अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग का एकत्र करू नये, ते. नाव त्याने बाईच्याच शब्दांत दिलं, ‘शेवटच्या झाडांच्या ड्रीपरमधून थेंब येत नाही, काय करावं?’ हे नाव देणं मला फार शहाणपणाचं वाटतं. अडलेला माणूस ज्या शब्दांत शेजाऱ्याला विचारतो, त्याच शब्दांत तो फोनलाही विचारतो.

व्हिडिओ त्याने ग्रुपवर टाकला नाही. आठवड्याने दुसऱ्या एकाने तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्याने आधी पूर्ण उत्तर लिहिलं, व्हिडिओ न बघता काम होईल इतकं पूर्ण. मग खाली लिहिलं, “ब्लेड कसं धरायचं ते हातानेच दाखवलंय, बघायचं असेल तर इथे आहे.”

तो पाहिला गेला. लोक शेवटपर्यंत थांबले. मग कोणीतरी तो आपल्या भावाला पाठवला, भावाने तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. ज्या ग्रुपांनी ठिबकवाल्याला काढून टाकलं होतं, त्यांच्यातही तो पोचला, आणि तिथे तो पोचवणारे शेतकरीच होते. पुढचे व्हिडिओ त्याने ग्रुपमधल्या प्रश्नांवरूनच केले. फिल्टर सारखा का तुंबतो. व्हेंचुरी खत का ओढत नाही. उंदीर नळी का कुरतडतात. वेळ लागला, पण हजारही झाले आणि तासही भरले.

एकदा तो आबांच्या बागेत फिल्टर बघायला गेला होता. काम झाल्यावर त्याने विचारलं, “आबा, सगळ्यांनी मला काढलं. तुम्ही का नाही काढलं? आणि आता तर मी लिंक टाकतो तरी चालतं तुम्हाला.”

आबा म्हणाले, “तेव्हा तू लोकांकडे मागायला यायचास. आता द्यायला येतोस. जो आधी देतो, त्याच्या दारात लोक आपणहून येतात.”

मग आबांनी त्याला चहा दिला आणि व्हॉल्व्हची मूठ सैल झालीय तीही बघायला सांगितली.

पावसाळ्यात ग्रुपवर एका पोराने फोटो टाकला. डाळिंबाच्या पानांवर तेलकट काळे डाग होते, एक फळ चिरलं होतं. खाली चार जणांनी ठिबकवाल्याचं नाव घेतलं, दादा, तुम्ही सांगा. आता त्याच्या शब्दाला वजन होतं. काहीही लिहिलं असतं तरी लोकांनी मानलं असतं.

त्याने लिहिलं, “हा तेल्या असावा असं वाटतं, पण रोगातलं मला कळत नाही. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात हा फोटो दाखवा आणि ते सांगतील तेच फवारा. तोवर डाग पडलेली फळं बागेत पडू देऊ नका, गोळा करून बाहेर न्या. कात्री झाडाझाडाला धुऊन घ्या.”

मग त्याने खाली एक लिंक टाकली. शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या एका चॅनलवाल्याने तेल्यावर व्हिडिओ केला होता, तो चांगला होता. लिंक त्याची होती.