एका प्रश्नापाशी थांबून

रोज सकाळी मोबाइलवर येणारी इतिहासाची प्रश्नमंजूषा आजही उघडा. फक्त आज तिच्यातल्या एका प्रश्नापाशी थांबायचं आहे. चहा निवला तरी चालेल. अभ्यासिकेतली तुमची खुर्ची कुठे जात नाही.

प्रश्न असा: गाविलगड इंग्रजांनी कोणत्या साली घेतला? पर्याय चार: १७६१, १८०३, १८१८, १८५३. तुमचं बोट १८०३ वर गेलंसुद्धा. उत्तर बरोबर. आता पुढच्या प्रश्नाकडे धावायची जी घाई बोटात उठते, तिच्याकडे नुसतं बघा. तिला आवरू नका, तिच्यावर रागावूही नका. भरतीची जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षेची तारीख लागत नाही, आणि घरात शिरल्याबरोबर बाबा विचारतात, ‘निंघाली का रे जाहिरात?’ एवढं सगळं त्या एका बोटात साठलं आहे. ते दिसलं की पुरे. श्वास आपोआप संथ होऊ द्या.

मग मन चांदूर बाजारच्या बाहेर काढा. संत्र्याच्या बागा ओलांडून उत्तरेला सातपुड्याच्या रांगेकडे न्या. त्या डोंगरात गाविलगड आहे.

२९ नोव्हेंबर १८०३. आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे हरली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली आपलं सैन्य घेऊन अचलपूरला आला, आणि जखमींसाठी तिथे दवाखाना मांडला. (पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. अचलपूर-परतवाड्याच्या रस्त्याने जाताना हे आठवलं की मला अजून गंमत वाटते.) आता घ्यायचा होता भोसल्यांचा गाविलगड. त्याची दक्षिण बाजू सपाटीवरून अंगावर येणारी, तिकडून चढून जाणं अशक्यच. म्हणून वेलस्लीने आपल्या हाताखालच्या स्टीव्हन्सनच्या तुकडीला डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडे जायला सांगितलं. रस्ता नव्हता. सैनिकांनी तो आधी केला, मग त्यावरून जड तोफा हातांनी ओढत नेल्या. ७ डिसेंबरपासून १२ डिसेंबरपर्यंत हेच चाललं.

इथे जरा जास्त वेळ बसा. दोर डोळ्यांपुढे आणा, तो तळहातात रुतलेला. दरीतून वर येणारी डिसेंबरातली थंडी. आज याच दिवसांत आपल्याकडे आंबिया बहाराची तोड चालू असते, शेकोटीभोवती माणसं बसतात. त्या ओढणाऱ्या माणसाला उद्या काय होणार हे ठाऊक नव्हतं. आपलं नाव कुठल्याही पर्यायात येणार नाही, याचा तर त्याने विचारही केला नसेल. हातातला दोर तेवढा सोडायचा नाही, एवढंच त्याच्यापुढे होतं.

१३ तारखेला तोफा सुरू झाल्या. १५ ला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्यात रघूजी भोसल्यांनी कटक सोडलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, आणि वऱ्हाड निजामाकडे गेलं. गाविलगड मात्र तहात भोसल्यांकडेच राहिला. दोन दिवसांपूर्वी ज्याच्या भिंतीखाली माणसं मेली, तो गड परत ज्याचा त्याला! हे चार पर्यायांत मावत नाही. म्हणूनच मला १८०३ हे उत्तर बरोबर असूनही अपुरं वाटतं.

आता मन जवळ आणा, आपल्याच तालुक्यात, माधानला. ‘प्रज्ञाचक्षू म्हणून कोणाला ओळखतात?’ हा प्रश्न तुम्ही कितीदा तरी सोडवला असेल: संत गुलाबराव महाराज. जन्म १८८१, मृत्यू १९१५. तान्हेपणीच दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घ्यायचे, मनात धरायचे आणि स्वतःचे ग्रंथ सांगून लिहवून घ्यायचे, असं त्यांचं शिकणं. चौतिसाव्या वर्षी ते गेले. वयोमर्यादेची वर्षं बोटांवर मोजणाऱ्यांनी या आकड्याशी स्वतःला तोलू नये. तशी तुलना निव्वळ छळ आहे. त्यापेक्षा एक करून पाहा. डोळे मिटा आणि शेजारच्या मित्राला एक पान मोठ्याने वाचायला सांगा. कानाने आलेला मजकूर पुढे पळवता येत नाही. वाचणाऱ्याच्या चालीने चालावं लागतं. थोड्या वेळाने लक्षात येईल की मघाची घाई बरीच मंदावली आहे.

घरी आई हाक मारते, ‘जेवून घे बापा पह्यले.’ जा, जेवा. संध्याकाळी बाबांनी पुन्हा तेच विचारलं, तर ‘नाही निंघाली अजून’ एवढं सांगा आणि जमलं तर देवगावच्या तहाची गोष्टही सांगा. त्यांनी हा डोंगर जन्मभर पाहिला आहे. कदाचित तेही त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं काही सांगतील.

असं रोज एकाच प्रश्नापाशी थांबा. बाकीचे मात्र नेहमीच्या वेगानेच सोडवा, घड्याळ लावून. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत शंभर गुणांसाठी नव्वद मिनिटंच मिळतात.