स्थिर कोण?

मोटारीवर फिरणारी उपग्रह-छत्री गच्चीवर बसवताना सगळे काम एका अक्षापाशी येऊन ठरते. हा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे जवळपास ध्रुवताऱ्याकडे रोखलेला लागतो. पुण्यात तो क्षितिजाशी सुमारे १८.५ अंशांचा कोन करतो, कारण ध्रुवाची उंची गावाच्या अक्षांशाइतकीच असते. आधी खांब ओळंब्यात उभा करायचा, मग उत्तर-दक्षिण रेषा आखायची. होकायंत्र लोखंडाजवळ फसते. उभ्या काठीची दिवसातली सर्वांत आखूड सावली ती रेषा अधिक खात्रीने दाखवते. छत्रीचे तोंड अक्षाला काटकोनात न ठेवता दक्षिणेकडे आणखी ३.२ अंशांच्या आसपास झुकवायचे, कारण उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहेत, ताऱ्यांइतके दूर नाहीत. एवढे जमले की मोटार फिरेल तसे पूर्वेपासून पश्चिमेपर्यंतचे उपग्रह ओळीने सापडत जातात. रेषा जराशी चुकली तर मधला उपग्रह मिळतो आणि टोकाचे निसटतात. शेवटचा बोल्ट आवळताना अक्ष सरकला तरी तेच होते. म्हणून जाणकार कारागीर दोन्ही टोके तपासल्याशिवाय पाना खाली ठेवत नाही.

या मांडणीत छत्री फिरते आणि उपग्रह जागचा हलत नाही. प्रत्यक्षात मात्र तो सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो. मग स्थिर कशाला म्हणावे?

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास नावेचा दाखला दिला: नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसेच तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. पण फिरते पृथ्वी की आकाश, हा वाद नुसत्या दिसण्यावरून सुटत नाही. दोन्हीकडून दृश्य तेच राहते. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये विरोध करताना विचारले, की पृथ्वी फिरत असेल तर उंच वस्तू कोसळत का नाहीत? त्याचा निष्कर्ष चुकला, तरी प्रश्न मोलाचा होता. त्याने वाद दिसण्यावरून घडण्यावर आणला.

या वादात उपग्रहाची साक्ष महत्त्वाची आहे. पृथ्वी आणि उपग्रह दोन्ही खरोखर निश्चल मानले, तर गुरुत्वाने उपग्रह खाली यायला हवा. तो वर टिकतो तो फिरण्यामुळेच. त्याची एक फेरी २४ तासांची नसून २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांची असते. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात स्वतःभोवती एकदा फिरते तो हाच काळ. म्हणजे फिरणे ही केवळ पाहणाऱ्याच्या सोयीची गोष्ट नव्हे. त्याचे परिणाम घडतात, आणि त्याचे माप सूर्यावरून नव्हे, ताऱ्यांवरून लागते.

ताऱ्यांवरूनच का? न्यूटनच्या मते फिरणे निरपेक्ष अवकाशाच्या संदर्भात असते, तारे निव्वळ खुणा. अवकाश म्हणजे वस्तूंमधील संबंध, असे म्हणणाऱ्या लाइबनिट्सला हे पटले नाही. पण फिरण्याच्या परिणामांचा उलगडा त्यालाही नीट करता आला नाही. तो प्रयत्न भौतिकशास्त्रज्ञ माखने १८८३ मध्ये केला: हे परिणाम विश्वातील दूरच्या द्रव्यामुळेच होतात. फिरती पृथ्वी भोवतीचे अवकाश किंचित ओढून नेते, हे ग्रॅव्हिटी प्रोब बी या यानाच्या २०११ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत दिसले. द्रव्य स्थिरतेची चौकट हलवू शकते, एवढे माखच्या बाजूने पडते. ती चौकट संपूर्ण द्रव्यातूनच उभी राहते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.