हेवी साडी, कडक चहा

रायपूरच्या पंडरी कापड बाजारात कुठल्याही दुकानात गादीवर टेकलात की पहिला प्रश्न येतो, "दीदी, हेवी में दिखाऊँ कि लाइट में?" मग सोबर, डिसेंट, फॅन्सी, प्युअर अशी इंग्रजी विशेषणं एकामागून एक घड्यांबरोबर उलगडत जातात. छत्तीसगढच्या गावागावांतून आणि शेजारच्या ओडिशातून आलेली गिऱ्हाइकं, चौबे कॉलनीतून बस्त्यासाठी आलेलं मराठी कुटुंब, सगळ्यांना ती कळतात. हेवी म्हणजे लग्नात नेसायची, जरीची, खड्यांची, किंमत जास्त असलेली. ती साडी जॉर्जेटची असली आणि हातात घेतल्यावर वजन जाणवलंही नाही, तरी ती हेवीच.

हे चुकीचं इंग्रजी म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. आपल्या आज्या ‘भारीतली साडी’ म्हणत आल्या. भारी हा शब्द मुळात वजनाचा. वजनावरून तो किमतीवर गेला, किमतीवरून थोरपणावर, आणि आता तरुण मुलं सिनेमालाही भारी म्हणतात. पंडरीतला हेवी हा या भारीचाच इंग्रजी अवतार आहे. विकणारा आणि घेणारा दोघांनाही एकच अर्थ कळतो, म्हणजे त्या दुकानात तो शब्द पूर्णपणे बरोबर आहे.

अडचण येते ती हाच शब्द दुकानाची पायरी उतरून परदेशी खरेदीदाराला लिहिलेल्या पत्रात जातो तेव्हा. कापडाच्या धंद्याच्या इंग्रजीत हेवी हे विशेषण मोजून वापरतात. एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं, त्यावर ते ठरतं. व्यापारी त्याला जीएसएम म्हणतात. जीन्सचं बारा औंसी डेनिम म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम, ते हेवी. सुती व्हॉइल शंभराच्या आतलं, ते लाइट. तिकडच्या माणसाने ‘हेवी साडी’ वाचलं तर त्याच्या डोळ्यांपुढे जाड, बोजड कापड येईल, जरीकाम येणार नाही. तिथे ‘हेविली एम्ब्रॉयडर्ड’ असंच लिहावं लागतं. ‘हेवी एम्ब्रॉयडर्ड’ही चालत नाही, कारण इथे शब्द साडीबद्दल बोलत नाही, भरतकाम किती दाट केलंय ते सांगतो.

हा शेवटचा फरक मराठी माणसाला हमखास चकवतो, आणि त्यामागे अडाणीपणा नाही, आपलं व्याकरण आहे. ‘छान आवाज’ आणि ‘छान गाते’ यांत आपल्याला शब्द बदलावा लागत नाही. ‘तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते’ यात तर क्रियेबद्दल बोलणारा शब्दसुद्धा कर्त्याचं लिंग घेतो. या सवयीचं मूल ‘शी सिंग्ज नाइस’ म्हणणारच. त्याला नुसतं ‘चूक’ म्हणून लाल रेघ मारणारा शिक्षक कारण सांगत नाही, आणि कारण कळलं नाही की तीच चूक पुढच्या वर्षी नव्या वहीत येते.

इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये एक मुद्दा मांडला: शब्द कोणाच्या सोबतीला असतो, त्यावरून तो ओळखावा. (हे गृहस्थ तरुणपणी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. आपल्याकडच्या वर्गांनी त्यांना काय शिकवलं असेल, याचं मला कुतूहल आहे.) पुढे त्यांचे शिष्य हॅलिडे यांनी चहाचं उदाहरण घेतलं. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो, जरी कोशात दोन्ही शब्दांचे अर्थ जवळजवळचे दिसले तरी. आपण त्याच चहाला कडक म्हणतो. आता हा कडक शब्द घेऊन बसा. कडक शिस्त, कडक ऊन, कडक इस्त्री, कडक भाकरी, कडक नोट. इंग्रजीत जाताना शिस्त ‘स्ट्रिक्ट’ होते, ऊन ‘स्कॉर्चिंग’, आणि कोरी करकरीत नोट ‘क्रिस्प’. इस्त्रीसाठी तर वेगळीच रचना शोधावी लागते. उलट दिशेने हेवीची तीच गत. मन हेवी झालं तर आपलं अंतःकरण जड होतं, इतपत जोडी जमते. पण पाऊस जड नसतो, मुसळधार असतो, आणि रहदारी जड नसते, प्रचंड असते.

म्हणून ‘हेवी म्हणजे जड’ असं वहीत लिहून घेणं मला अर्धवट शिक्षण वाटतं. विशेषण एकटं पाठ करायचं नसतं, नामासकट करायचं असतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिचं बळ हेच होतं की शिकणाऱ्याला वाक्य करावं लागे, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे.

याच वाटेने गेलं तर काही गोष्टी शिकवाव्याच लागत नाहीत. विशेषणांचा क्रम घ्या. इंग्रजीच्या पुस्तकांत त्याचा तक्ता असतो: आधी मत, मग वय, मग रंग, मग पदार्थ. मुलं तो घोकतात. पण ‘सुंदर जुनी लाल रेशमी साडी’ हे मराठीत आपसूक त्याच क्रमाने येतं. ‘रेशमी लाल जुनी सुंदर साडी’ कानाला खटकतं. ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’चंही तसंच. ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हणणाऱ्या मुलाला ‘कंटाळलेला’ आणि ‘कंटाळवाणा’ यांतला फरक विचारा. तो क्षणात सांगेल, आणि पुन्हा स्वतःला कंटाळवाणा म्हणणार नाही. थकलेला आणि थकवणारा, घाबरलेला आणि घाबरवणारा, सगळी शिदोरी घरातली आहे.

पण ती घरात असायला हवी. रायपूरच्या मराठी घरांबद्दल मला काळजी वाटते ती इथे. हे शहर १९५६ पर्यंत नागपूरबरोबर एकाच राज्यात होतं. मराठी इथे पाहुणी म्हणून आलेली नाही. माधवराव सप्रे मराठी घरातले, १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक त्यांनी सुरू केलं, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. मराठीत रहस्य नपुंसकलिंगी, हिंदीत पुल्लिंगी. मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. टिळकांचा तो जाडजूड ग्रंथ उतरवताना त्यांना पानोपानी विशेषणाचं शेपूट बदलावं लागलं असणार. ते जमलं, कारण दोन्ही भाषा त्यांच्या कानात स्वतंत्रपणे पक्क्या होत्या.

आज इथल्या नातवंडांच्या तोंडी ‘मोठा घर’ आणि ‘चांगली पुस्तक’ ऐकू येतं. हिंदीच्या शेजारात तिसरं लिंग झिजत चाललंय. शाळा इंग्रजी माध्यमाची, रस्ता हिंदी-छत्तीसगढीचा, आणि मराठी रात्रीच्या जेवणापुरती. अशा मुलाला ‘कंटाळवाणा’च्या आधाराने ‘बोअरिंग’ शिकवायचं म्हटलं, तर आधी ‘कंटाळवाणा’च शिकवावा लागतो. आजीने जेवता जेवता ‘मोठं घर, बाळा’ एवढं म्हणावं. ओरडू नये, धडा देऊ नये. आणि गृहपाठात ‘हेवी रेन’ आलं, की त्याच्याकडून ‘मुसळधार पाऊस’ वदवून घ्यावं, दोन्ही शब्द एकाच ओळीत लिहायला सांगावेत.