कारणाचा रकाना

काचीगुड्यात निंबोळीअड्ड्याच्या अलीकडे एका गल्लीत एक छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळेच्या वह्या, देवस्थानांची कॅलेंडरं असं सगळं तिथे छापलं जाई. मराठी, तेलुगू, उर्दू, गिऱ्हाईक मागेल त्या लिपीत. मालक वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण बोधकथेत मालक आला की वाचक त्याला शिंगं चिकटवून मोकळा होतो. दिवाळीचा बोनस हा मालक वेळेवर देई, आणि कामगाराच्या घरी मयत झालं तर सगळ्यांच्या आधी पोचे.

छापखान्याचा हिशेब मुनीम पाही. काचीगुडा स्टेशनची घुमटांची इमारत १९१६ सालची. तिच्या पाठोपाठ निजामाच्या रेल्वेत नोकरीला लागून मुनिमाचे आजोबा औशाहून आले आणि घराणं इथलंच झालं. घरात मराठी, गल्लीत दक्खनी, बाजारात तेलुगू. बावीस वर्षांच्या नोकरीत छापखान्याला एकाही सरकारी कचेरीची नोटीस आली नव्हती आणि मुनीम हे येताजाता सांगे. बरकतपुऱ्याच्या पीएफ कचेरीतले शिपाईसुद्धा त्याला नावाने ओळखत.

दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, चलान भरायचं. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाचा पाऊण टक्का त्याच्या पगारातून आणि सव्वातीन टक्के मालकाकडून. संगणकावर प्रत्येक कामगाराची एक ओळ असते. त्यात भरलेले दिवस, मिळालेला पगार, आणि दिवस शून्य असतील तर शेवटी एक छोटा रकाना, कारणाचा. तिथे शब्द लिहायचा नसतो, आकडा निवडायचा असतो. १ म्हणजे रजेवर. २ म्हणजे नोकरी सोडली. ३ निवृत्त, ५ मयत, १० कामगार कपात, ११ काम नाही. मुनिमाला ही यादी पाढ्यासारखी पाठ होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. त्या वर्षीच्या चैत्र-वैशाखातली लग्नं गेली, लग्नांबरोबर पत्रिका गेल्या, आणि शाळाच बंद म्हटल्यावर वह्या कोण घेणार? मालकाने एप्रिल-मे अर्धा पगार दिला. मेअखेरीला त्याने सहा जणांना बोलावलं, हात जोडले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या सहांत दफ्तरी होता. हैदराबादेत पुस्तकबांधणी करणाऱ्याला दफ्तरी म्हणतात, आणि हा देगलूरकडचा माणूस अकरा वर्षं दफ्तरी म्हणूनच ओळखला जात होता. शिलाई, खळ, कटिंग मशीन, सगळं त्याच्या हाताखाली. पगार तेरा हजार.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात जूनचं चलान भरायला मुनीम बसला तेव्हा मालक मागे येऊन उभा राहिला.

‘मुनीमजी, दस नक्को. दो डालो.’

मुनिमाने मान वळवली नाही. दहा का नको, ते त्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक होतं. ‘कपात’ लिहिलं की औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५-फ मागे लागत असे: महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. एकट्या दफ्तरीचेच सत्तर हजारांच्या वर झाले असते. ‘सोडली’ लिहिलं की यातलं काहीच नाही. अकरा नंबर, ‘काम नाही’, तोही खरा होता, पण त्यावरून कुणी प्रश्न विचारला असता. दोन नंबरावर कुणी काही विचारत नाही. मुनिमाने सहा ओळींत सहा वेळा दोन टाकले, पावती छापली, फाइलला लावली. आपण कुणाचा एक पैसा खाल्ला नाही, असं त्याने स्वतःला सांगितलंही असेल. ते खरंच होतं.

दफ्तरी गावी गेला. पीएफमधून कोरोनाची म्हणून जी उचल मिळत होती ती काढली आणि तीवर पावसाळा काढला. मग कुणीतरी सांगितलं की ईएसआयवाल्यांना नोकरी गेल्यावर भत्ता मिळतो. बातमी खरी होती. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून होती. पूर्वी सरासरी रोजाचा पाव हिस्सा मिळे, तोही नोकरी जाऊन नव्वद दिवस झाल्यावर आणि अर्ज जुन्या मालकाच्या हातून गेला तर. ऑगस्ट २०२० मध्ये ईएसआय महामंडळाने नियम सैल केले. पाव हिश्श्याचा अर्धा झाला, नव्वद दिवसांची वाट तीस दिवसांवर आली, आणि कामगाराने थेट शाखेत अर्ज द्यावा असं ठरलं. भत्ता जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा, आणि आयुष्यात एकदाच. दफ्तरीच्या पगाराला साडेएकोणीस हजार बसत होते.

त्याने नोटरीकडून प्रतिज्ञापत्र केलं, आधारची झेरॉक्स, बँकेचं पासबुक जोडलं आणि अर्ज दिला. शाखेने नोंद पाहिली. नोंदीत दोन. आणि योजनेत स्पष्ट आहे की स्वतःहून काम सोडलेल्याला, शिस्तभंगावरून काढलेल्याला, बेकायदा ठरलेल्या संपावर गेलेल्याला हा भत्ता नाही. शाखेने छापखान्याला पत्र पाठवलं: कामगाराने नोकरी सोडल्याची खातरजमा करा, राजीनामा असल्यास प्रत जोडा.

राजीनामा कुठून असणार? मुनिमाने उत्तर टाइप केलं: ‘सदर कामगार तोंडी सांगून निघून गेला.’ बावीस वर्षांत त्याने शेकडो पत्रं लिहिली होती. तारीख, जावक क्रमांक, विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी. हे पत्रही तसंच नीट होतं. अर्ज नामंजूर झाला.

दफ्तरी छापखान्याच्या दारात आला. आत बोलावलं नाही म्हणून पायरीवरूनच म्हणाला, ‘काका, म्या कवा सोडली नौकरी?’

‘अरे, तो नुसता कोड असतो,’ मुनीम म्हणाला. ‘सिस्टिम मागते म्हणून टाकावा लागतो.’

‘मंग दुसरा टाकायचा की.’

मुनिमाला यावर काही सुचलं नाही. फोन वाजत नव्हता, तरी तो उचलायला आत गेला.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत बेरोजगारी विम्याचा कर बहुतेक राज्यांत मालकच भरतो आणि ज्याची काढलेली माणसं जास्त भत्ता घेतात त्याच्या कराचा दर चढतो. म्हणून तिथला मालक दाव्याला हरकत घेतो, कामगार अपील करतो, आणि सुनावणीचा अधिकारी पुष्कळदा फोनवरच दोघांचं ऐकतो. कामगाराचं गैरवर्तन होतं असं मालक म्हणाला, तर ते सिद्ध करणं मालकाच्या माथी. भांडण उघड असतं आणि त्याला तारीख मिळते. आपल्याकडे भत्ता महामंडळ देतं, मालकाच्या खिशातून त्यापायी दमडी जात नाही. भत्त्याशी मालकाचं भांडणच नसतं. त्याला नुकसानभरपाई चुकवायची असते आणि त्या ओघात कामगाराचा भत्ता चिरडला जातो. मारणाऱ्याला आपण मारलं हेही कळत नाही. मला हे जास्त वाईट वाटतं.

दफ्तरीने हिल फोर्ट रोडवरच्या पंचदीप भवनात, महामंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात, तक्रार दिली. त्यापुढेही वाट होती. ईएसआय कायद्याच्या कलम ७५ खाली कामगार विमा न्यायालयात जाता येत होतं, मुदत तीन वर्षांची. त्याच्याही वर उच्च न्यायालय, पण तिथे फक्त कायद्याचा मुद्दा चाले. वाट कितीही लांब असली तरी शेवटी प्रश्न एकच येत होता: तू सोडली नाहीस, याला पुरावा काय? मालकाने तोंडी सांगितलं होतं. दफ्तरीचा फोन बटणांचा, त्यात ना मेसेज ना फोटो. काढून टाकलेले बाकीचे पाच जण पाच दिशांना.

नोव्हेंबरात मालकाने ऑफसेट मशीन विकायला काढलं. महिनाअखेरीला मुनिमाला समोर बसवून चहा दिला, डोळ्यांत पाणी आणलं (ते खोटं नव्हतं) आणि म्हणाला, डिसेंबरपासून आता कसलाच हिशेब उरला नाही. मुनीम उठला. डिसेंबरचं चलान भरायला मात्र त्याला जानेवारीत एकदा बोलावलं, कारण दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं. उरलेल्यांच्या ओळी भरून झाल्या आणि शेवटी त्याची स्वतःची ओळ आली. दिवस शून्य. पगार शून्य. रकाना उघडला, यादी खाली लोंबली. मालक समोर होता, काही बोलला नाही, बोलायची गरजच नव्हती. मुनिमाच्या बोटाने सवयीने दोन निवडले. पावती छापली, फाइलला लावली, नमस्कार करून निघाला.

बायकोने विचारलं, ‘अहो, तुम्हाला पण तो भत्ता मिळेल ना?’

मुनीम अर्ज घेऊन शाखेत गेला. अधिकाऱ्याने पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, तुमची नोंद ‘सोडली’ अशी आहे.

‘ती चुकीची आहे साहेब. मला काढलंय.’

‘नोंद कोणी केली?’

मुनीम गप्प.

‘छापखान्याच्या लॉगिनवरून कोण भरतं?’

‘मीच.’

अधिकाऱ्याने चष्मा काढला. कलम ८४ ची त्याने शांतपणे आठवण करून दिली: लाभासाठी जाणूनबुजून खोटं सांगितलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आता एकतर नोंद खोटी, नाहीतर अर्ज. नोंद खोटी असेल तर कशी झाली ते लेखी द्या. साक्षीदार असेल तर बरं.’

मुनिमाने रात्री निवेदन लिहिलं. ‘मालकांच्या सांगण्यावरून माझ्या नावापुढे कारण क्रमांक २ निवडण्यात आला.’ निवडण्यात आला; कोणी निवडला ते वाक्यात नव्हतं. कारकुनी मराठीची ही एक सोय आहे, तिच्यात कर्त्याला रजा देता येते. साक्षीदार म्हणून त्याला एकच माणूस आठवला. दफ्तरी तेव्हा बडी चावडीजवळ एका दुकानात रोजावर फायली शिवत होता. मुनीम जाऊन उभा राहिला. दफ्तरीने हात पुसले, कागद घेतला, सावकाश वाचला. देगलूरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस तो, पण कागद त्याच्या हाताला परका नव्हता.

‘काका, यात तुमचंच नाव हाय.’

‘माझा अर्ज आहे ना.’

‘व्हय. सही करतो की. पर त्यांनी मला इचारलं की दफ्तरीचा दोन खरा का खोटा, तर काय सांगू?’

सही न घेताच मुनीम परतला. पुढचं पाऊल त्याला सोपं होतं असं समजू नका. बावीस वर्षांची ग्रॅच्युइटी मालकाकडे बाकी होती: एकोणीस हजार पगार, वर्षाला सव्वीसांतले पंधरा दिवस, म्हणजे दोन लाख एक्केचाळीस हजार. राजीनामा दिला काय नि काढलं काय, पाच वर्षं भरली की ती द्यावीच लागते, हे त्याला पाठ होतं. पण द्यावी लागणं आणि हातात पडणं यांत किती खेटे असतात, तेही त्यानेच बाकीच्यांना सांगितलेलं होतं. मालक अजून ‘देता हूँ मुनीमजी’ म्हणत होता. सगळ्यांची नावं घालून दुसरं निवेदन दिलं की ते म्हणणं बंद होणार.

दोन दिवसांनी त्याने दुसरं निवेदन दिलं. त्यात सात नावं होती. आणि वाक्य असं: ‘या सातही नोंदी मी स्वतः केल्या. सातही जणांना काम नसल्याने काढण्यात आले होते, हे मला नोंद करताना माहीत होते. दफ्तरीच्या चौकशीस दिलेले उत्तरही मीच लिहिले, तेही खोटे आहे.’ एक प्रत शाखेत, एक पंचदीप भवनात, एक दफ्तरीला.

यातून सगळ्यांचं भलं झालं असं काही नाही. दफ्तरीचे साडेएकोणीस हजार आले. आणखी दोघांचे आले. एकाला दुसरीकडे नोकरी लागली होती, त्याने अर्जच केला नव्हता. एकाचे नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीत अठ्ठ्याहत्तर दिवस भरत नव्हते, तो बाद. सहावा सापडलाच नाही. मुनिमाचा स्वतःचा अर्ज सगळ्यांत शेवटी निघाला आणि मंजूर झाला. मालकाने ग्रॅच्युइटी थांबवली. तिच्यासाठी मुनिमाला आरटीसी क्रॉस रोडवर कामगार खात्याच्या अंजय्या भवनात अर्ज करावा लागला. ज्यांचं नाव त्या इमारतीला आहे ते टी. अंजय्या ऑल्विन कारखान्यात कामगार होते, पुढे मुख्यमंत्री झाले. मुनीम त्यांचा फोटो बघत बाकावर बसून राही.

दफ्तरीने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि मुनिमाला साक्षीला बोलावलं. मालक समोर बसलेला, दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. मालकाचा वकील उलटतपासणीला उठला. निवेदनाची प्रत हातात धरून त्याने विचारलं, ‘ही नोंद खोटी आहे हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?’

‘होतं.’

‘मग तेव्हा कुठे तक्रार केली नाहीत?’

‘नाही.’

‘का नाही केली?’

मुनीम थोडा वेळ थांबला. ‘त्या सहांत माझं नाव नव्हतं,’ तो म्हणाला.

कारकुनाने उत्तर टंकलं, वाचून दाखवलं, खाली सही घेतली. मालकाच्या जबाबासाठी पुढच्या महिन्याची तारीख पडली.