खूण आणि जबाबदारी

तापलेले लोखंड जनावराच्या मांडीवर टेकवले की केस व कातडी करपतात आणि कायमची खूण उमटते. ‘हे जनावर माझे आहे,’ एवढेच ती सांगते. तेवढ्यासाठी मुक्या जिवाने किती सोसावे? डाग दिलेल्या वासरांचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा आठ आठवडे लोटले तरी जखमा पूर्णपणे भरलेल्या नव्हत्या व तेथे स्पर्श होताच वासरांना वेदना होत होत्या. गोठवणाऱ्या लोखंडाचा डाग त्या मानाने सौम्य. परंतु वेदनारहित तोही नव्हे.

प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याने, ठरवून दिलेल्या पद्धतीने डाग देण्यास ११व्या कलमात सूट ठेवली आहे. मात्र उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे, हा त्याच कलमान्वये अपराध आहे. मालकी आणि जबाबदारी अशी शेजारी-शेजारी उभी आहेत.

व्यवहारात मात्र त्यांची ताटातूट होते, हे झाशीच्या परिसरात दिसते. बुंदेलखंडात ‘अन्ना प्रथा’ आहे. रब्बीचे पीक निघाले की गुरे मोकळी सोडावयाची व पेरणीच्या सुमारास पुन्हा दावणीला बांधावयाची, अशी ही जुनी रीत. पुढे ट्रॅक्टर आले, बैलांचे काम गेले, दुष्काळाने चारा हिरावला आणि दूध आटलेल्या गाई वर्षभर बेवारस फिरू लागल्या. ज्या झाशीत १९६२पासून चारा व कुरणे यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तेथलीच ही व्यथा! गरीब शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु मोकाट गुरांपासून पीक राखण्यासाठी रात्र जागवतो तोही शेतकरीच.

आता गुरांच्या कानात बारा अंकी बिल्ला अडकवतात. डागापेक्षा तो खचित दयाळू आहे. पण खूण सौम्य झाली म्हणून मन सौम्य झाले काय?

योहानाच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ मेंढरांना नावाने हाक मारतो व ती त्याची वाणी ओळखतात. डागाची त्याला गरज भासत नाही. लांडगा दिसताच पळतो तो मोलकरी. कारण मेंढरे त्याची नसतात. वाचकहो, जनावर आपले म्हणवून घेणाऱ्यानेच मोलकऱ्यासारखे वागावे, तर त्या ‘माझे’ला काय अर्थ उरला? दूध आटल्यावरही जो वैरण घालतो, त्यालाच तो शब्द शोभतो.