कोणाविषयी?

जनसंवाद शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षीच हॅरॉल्ड लासवेलचे पाच प्रश्न पाठ करावे लागतात. कोण बोलतं, काय बोलतं, कुठल्या माध्यमातून बोलतं, कोणाला उद्देशून बोलतं आणि त्याचा परिणाम काय होतो. हे सूत्र १९४८चं. संदेशवहनाची क्लॉड शॅननची ती प्रसिद्ध आकृतीही त्याच वर्षीची. शॅननपुढे प्रश्न होता तारेतून संदेश बिनचूक कसा पोहोचवायचा हा. संदेशाच्या अर्थाशी आपल्याला कर्तव्य नाही, हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. आम्ही मात्र त्याचे चौकोन पट्टीने आखून माणसांच्या बोलण्यावर उत्तरं लिहितो आणि गुण मिळवतो.

तिसऱ्या वर्षाला आल्यापासून मला त्या पाच प्रश्नांत एक प्रश्न कमी वाटू लागला आहे. कोणाविषयी? ज्याची बातमी होते, ज्याच्यावर माहितीपट निघतो, ज्याचा चेहरा आम्ही स्लाइडवर लावतो, तो या सूत्रात कुठे बसतो? तो ‘काय’मध्ये येतो, असं कोणी म्हणेल. येतो खरा, पण आशय म्हणून येतो. त्याला स्वतःची इच्छा असते, नंतर पश्चात्ताप होऊ शकतो, आपण कसे दिसलो याची उत्सुकता असते, हे त्या शब्दात मावत नाही. पदवी हातात पडायच्या आत या प्रश्नाला मी काय उत्तर देते, ते मला स्वतःशी नीट पाहायचं आहे.

आधी मी इथे का आले, ते. मुंबई विद्यापीठाच्या या पदवीला कागदावर आता बीएएमएमसी म्हणतात, घरीदारी अजून बीएमएमच. बारावीनंतर अर्ज भरताना ‘समाजासाठी लिहायचंय’ असं मी सगळ्यांना सांगत होते. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक इच्छा होती: लोकांनी माझं ऐकावं. वर्गात बोलायला उभं राहिल्यावर सगळे गप्प होतात, तेव्हा जे बरं वाटतं ते मला हवं होतं. ही इच्छा वाईट आहे असं मला वाटत नाही; ती नसलेला माणूस या क्षेत्रात टिकणार नाही. मात्र ती त्या पहिल्या इच्छेच्या पाठोपाठ चालते आणि समाजाचं नाव पुढे करून स्वतःचं काम साधते. माहितीपटाचा विषय निवडताना आमच्या गटात ‘कोणती गोष्ट सांगायला हवी’ यापेक्षा ‘कोणती गोष्ट पडद्यावर उठून दिसेल’ यावर जास्त वेळ चर्चा झाली. मीही त्यात होतेच, आणि हिरिरीने होते.

आम्ही मुंबईचं गिरणगाव निवडलं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप, सुमारे अडीच लाख कामगार, त्यांचे नेते डॉ. दत्ता सामंत, रीतसर कधीच मागे न घेतलेला तो लढा, आणि आता गिरण्यांच्या जमिनीवर उभे राहिलेले टॉवर. चाळीची गॅलरी आणि मागे काचेची इमारत, ही चौकट आम्ही चित्रीकरणाच्या आधीच कागदावर काढून ठेवली होती. लालबागच्या एका चाळीत आम्ही एका निवृत्त कामगाराशी बोललो. साताऱ्याकडचे, साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम केलेले. त्यांनी चहा दिला, गावाकडच्या उसाच्या मळ्यांबद्दल सांगितलं, साच्यांचा आवाज तोंडाने काढून दाखवला. कॉलर माइक काढत असताना ते म्हणाले, “गेल्या साली पण आली होती तुमच्यासारखीच पोरं. त्याच्या आदल्या साली पण. लई इचारून गेली. त्याचं पुढं काय झालं गं, पोरी?”

मी म्हटलं, “आजोबा, ते दुसऱ्या कॉलेजचे असतील.” हे खरं असेलही. पण त्यांनी कॉलेज विचारलं नव्हतं.

आधीच्या मुलांचं काय झालं, हे मी त्यांना न विचारताही सांगू शकले असते. माहितीपट तयार झाला, सभागृहात दाखवला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ध्वनीबद्दल दोन प्रश्न विचारले, गुण लागले, फाइल हार्ड डिस्कमध्ये गेली. आजोबांनी आयुष्यातली सर्वांत कडू वर्षं तीन वेळा तीन गटांना सांगितली आणि एकदाही त्यांना स्वतःला पडद्यावर पाहता आलं नाही. आम्ही त्यांच्याकडून संमतिपत्रावर सही घेतली. त्या कागदावर आमचे सगळे हक्क लिहिलेले आहेत. त्यांना काय मिळेल, यासाठी त्यावर एक ओळही नाही.

हे वेगळ्या रीतीने होऊ शकतं, याचा पुरावा याच गिरणगावात आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी इथल्या माणसांच्या तोंडून या भागाचा शंभर वर्षांचा इतिहास नोंदवला. ते पुस्तक २००४ साली आलं. त्यात माणसं नावानिशी, आपापल्या सुरात, एकमेकांशी असहमत होत बोलतात. आमच्या बारा मिनिटांच्या माहितीपटात आजोबा चाळीस सेकंद आहेत, आणि त्यातला निम्मा वेळ ते रडतात. रडण्याआधी संघटनेने कुठे चूक केली, याचं त्यांनी शांतपणे विश्लेषण केलं होतं. ते अजून संकलनाच्या मेजावर बाहेर पडून आहे. अश्रू ठेवायचे आणि विचार कापायचा, हा निर्णय आमच्यातल्या कोणी दुष्टपणाने घेतला नाही. ‘तिथे पकड सुटते’ एवढंच आम्ही एकमेकांना म्हणालो. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या वाक्याची, कारण पुढची तीस वर्षं मी ते पगार घेऊन म्हणू शकेन.

हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमातही दडलेला आहे. माध्यमविषयक कायद्याच्या पेपरात बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यावरच्या बंदीचं कलम असतं. पूर्वी भारतीय दंड संहितेत २२८ अ, आता भारतीय न्याय संहितेत ७२. आम्ही ते दोन गुणांचं उत्तर म्हणून पाठ करतो. पण ते १९८३ साली आलं ते एका मोठ्या आंदोलनाच्या रेट्यातून, आणि त्या आंदोलनाची ठिणगी होती १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार. सर्वोच्च न्यायालयात आरोपी पोलीस सुटले, देश खवळला, कायदा बदलला. ‘कोणाविषयी’ हा प्रश्न कायद्याला तेव्हा दिसला. आणि तो खटला आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो.

पत्रकारितेचा इतिहास आम्ही ‘दर्पण’पासून शिकतो: बाळशास्त्री जांभेकर, ६ जानेवारी १८३२. पुढे ‘केसरी’, ‘दीनबंधु’. ३१ जानेवारी १९२०चा ‘मूकनायक’ त्या यादीत आणखी एक तारीख म्हणून येतो. खरं तर तिथे आमचं सगळं सूत्र उलटं होतं. ज्यांच्याविषयी इतर लिहीत, किंवा लिहीतच नसत, त्यांनी स्वतःचं पत्र काढलं. ज्यांना आशय मानलं होतं ते बोलणारे झाले. डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’नंतर ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ अशी पत्रं काढली. पैशांची चणचण सोसूनही पुन्हा पुन्हा काढली, कारण दुसऱ्याने आपल्या वतीने बोलण्यावर विसंबून चालणार नव्हतं. हे एकदा समजून घेतलं की ‘आवाज नसलेल्यांचा आवाज होऊ’ हे आमच्या विभागाच्या भित्तिपत्रकावरचं वाक्य मला उच्चारवत नाही. आजोबांना आवाज आहे. साच्यांच्या खडखडाटावर मात करून बोलायची सवय असलेला आवाज आहे.

शेवटच्या वर्षी पत्रकारिता की जाहिरात, हे निवडावं लागतं. मी पत्रकारिता घेतली, आणि त्यामुळे आपण आपोआप अधिक स्वच्छ ठरलो, असं बरेच दिवस मनात धरून होते. आता तसं वाटत नाही. जाहिरातवाला मॉडेलला निदान पैसे देतो.

माहितीपटाचं संकलन अजून चालू आहे. आजोबांचं विश्लेषण माहितीपटात पुन्हा घालायचं, असं मी गटात मांडलं आहे. दोघं तयार आहेत, दोघं नाहीत. पहिलं प्रदर्शन चाळीच्या अंगणात करायचं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं आहे. प्राध्यापकांकडे माझी मागणी आहे की ज्यांचं चित्रीकरण केलं त्यांना ते दाखवल्याशिवाय प्रकल्पाचे गुण देऊ नयेत.

आणि हे वाचणाऱ्या, आमच्या आधी ही पदवी घेतलेल्या प्रत्येकाला एक विनंती. संपात तिशीचा असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. कितीतरी जण राहिलेले नाहीत. त्यांच्या मुलाखती तुमच्या जुन्या मिनी डीव्ही टेपवर, हार्ड डिस्कवर, विभागाच्या कुलूपबंद कपाटात पडून असतील. त्या शोधा आणि एक प्रत त्यांच्या घरी पोहोचवा.