उदक सोडणे

आईने पाटल्या मोडल्या तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. माझ्या अभियांत्रिकीच्या फीसाठी त्या मोडायच्या होत्या. सोनाराने कसोटीवर रेघ ओढली, तराजूत वजन केलं आणि आकडा सांगितला. सोनं कुठून आलं, हे त्याने विचारलं नाही, आम्हीही कधी विचारलं नव्हतं. सोन्याला वजन असतं, कस असतं, गाव नसतं.

हे सगळं तीस वर्षांनी आठवलं ते कोलार गोल्ड फील्ड्समध्ये. बेंगळुरूतल्या एका सहकाऱ्याचं मूळ घर तिथे रॉबर्टसनपेटेत आहे. एका रविवारी त्याच्याबरोबर गेलो आणि त्याची जुनी सायकल घेऊन एकटाच बाहेर पडलो. मोटारीतून हे गाव पाहणं सोपं गेलं असतं. काच वर करायची, फोटो काढायचे, निघायचं. सायकलवर मात्र चढ लागला की उतरावं लागतं. उतरलेल्या माणसाला कुणीही विचारू शकतं, काय काम काढलंत?

चॅम्पियन रीफ्सकडून मारिकुप्पमच्या दिशेने जाताना खाणीच्या तोंडावरचे लोखंडी मनोरे दिसतात. कधीकाळी त्यांच्यावरच्या चाकांवरून दोर फिरायचे आणि पाळणे माणसांना घेऊन खाली जायचे. जॉन टेलर आणि कंपनीने 1880च्या सुमारास इथे काम सुरू केलं. 1902 साली शिवनसमुद्रहून या खाणींसाठी वीज आली. बेंगळुरूच्या रस्त्यांवर ती 1905मध्ये पोचली. म्हणजे राजधानीच्या आधी इथली यंत्रं विजेवर चालत होती. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तिथे खडक साठ अंशांहून अधिक तापलेला असायचा आणि दाब सुटला की गोळा फुटावा तसा फुटायचा. खाली उतरणारे बहुतेक तमिळ प्रदेशातून आलेले, त्यांतले पुष्कळ दलित. शतकभराहून अधिक काळात सुमारे आठशे टन सोनं निघालं. 28 फेब्रुवारी 2001 रोजी खाणी बंद झाल्या. पंप थांबले आणि बोगदे पाण्याने भरत गेले.

वर मात्र डोंगर आहेत. सपाट माथ्याचे, पावसाने चरे पडलेले, राखाडी-पिवळे. एका डोंगराच्या पायथ्याशी चढ लागला, म्हणून उतरून चालत होतो. टपरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हाक मारली. माझं कन्नड मोडकं, त्यांचं तमिळ वळणाचं; जमलं.

"काय बघितलंत, सार?"

"डोंगर बघत होतो, अण्णा."

"तो डोंगर नाही. तो आम्ही वर आणून ठेवलाय."

खरंच होतं ते. दगड वर आणायचा, पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून काढून घ्यायचं आणि उरलेली भुकटी बाहेर टाकायची. अशी तीन कोटी टनांहून अधिक भुकटी या गावाभोवती पडून आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की ती घराघरांत शिरते.

मी आईच्या पाटल्यांचं सांगितलं. कदाचित मला त्यांच्याकडून काही ऐकायचं होतं, दोष किंवा क्षमा. ते हसले. "ते आमचंच सोनं होतं कशावरून?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पगार होता, दवाखाना होता. खाली उतरणारा माणूस म्हणून मान होता. आता पोरगा पहाटेच्या गाडीने बेंगळुरूला जातो, रात्री येतो. विचारायचं तर त्याचं विचारा."

परतताना त्यांचा पहिला प्रश्न डोक्यातून जाईना. कशावरून? सोनं वितळतं, एकमेकांत मिसळतं, पुन्हा घडवलं जातं. माझ्या फीत कोलारचा एक कणही नसेल. मग माझ्यावर ऋण आहे का? एक उत्तर सरळ आहे: आमच्या घराने सोन्याची किंमत मोजली होती, व्यवहार संपला. पण किंमत मोजली ती सोनाराला. ज्याच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसली त्याच्याशी आमचा व्यवहार कधी झालाच नव्हता. मग तो संपला कसा? दुसरं उत्तर उदार वाटतं: आपण सगळेच सगळ्यांचे ऋणी. सोनं न घालणाराही यातून सुटत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर याच खाणीच्या पोटात उपकरणं लावली आणि 1965मध्ये वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो टिपले. ते ज्ञानही याच पाळण्यांतून वर आलं. पण सगळे ऋणी म्हटलं की कुणाच्याच दारात वसुली येत नाही. या उदारपणात एक सोयही आहे.

आपल्याकडे तर्पणात नाव-गोत्र माहीत नसलेल्यांसाठीही पाणी सोडतात. मला ती कल्पना लहानपणापासून आवडत आलेली. त्या दिवशी मात्र ती अपुरी वाटली. एक तर, ज्यांना माझ्या पूर्वजांनी आपल्या पाणवठ्यावर येऊ दिलं नसतं, त्यांना मी कोणत्या तोंडाने पाणी देणार? आणि मराठीत एखाद्या गोष्टीवर उदक सोडणे म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडून मोकळं होणे. इथेही पंप थांबवले, खाणीत पाणी भरू दिलं आणि मोकळे झाले. मला वाटतं, धनको सापडत नाही एवढ्याने ऋण फिटत नाही. फक्त ते फेडल्याचं समाधान आपल्याला मिळणार नाही, एवढंच. आणि अण्णांनी तर धनको दाखवलाही होता. मीच मेलेल्यांचा हिशेब करत बसलो होतो. तो सोपा असतो, कारण ते काही मागत नाहीत.

संध्याकाळी परतीच्या गाडीत बसलो. रविवार असल्याने गर्दी नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे हेच डबे भरून जाणार होते. ती माणसं माझ्याच शहरात येतात. आमच्या इमारतीच्या फाटकावरचा पहारेकरी कुठून येतो, हे मी चार वर्षांत विचारलं नव्हतं.

गाडीतून आईला फोन केला. विचारलं, पाटल्या कुणी दिलेल्या?

"माझ्या आईने."

"आणि तिला?"

"तिच्या सासूच्या गोठ मोडून घडवल्या होत्या म्हणे. त्याआधीचं कोण जाणे." थोडं थांबून म्हणाली, "का रे? एवढ्या वर्षांनी?"

मी तिला त्या डोंगराचं सांगायला लागलो.